थडगी, लग्नपत्रे आणि पलटणीचे कागद
कोकणातील बेने इस्राएल घराण्यांच्या कुलवृत्तांताची प्रस्तावना

आपल्याकडे घराण्याचा इतिहास लिहावयाचा म्हटले, की लेखकाची दृष्टी प्रथम वतनाकडे वळते. देशपांडेपण, कुळकर्ण, खोती, जोसपण, इनाम जमीन, देवस्थानची वहिवाट यांपैकी काही ना काही ज्या घराण्याच्या पदरी होते, त्याच्या पिढ्या सनदांत, महजरांत, निवाडपत्रांत आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमालांत कोठे तरी नोंदल्या गेल्या. आणि पुढे १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वये इनाम कमिशनने ज्याच्या त्याच्या हक्काचा पुरावा मागावयास सुरुवात केली, तेव्हा आपापल्या कैफियतीसोबत वंशावळ जोडून देणे इनामदारांना प्राप्तच झाले. आपल्या कुलवृत्तांतांचा पाया पुष्कळ अंशी या कागदांचा आहे. परंतु ती वंशावळ हक्क शाबीत करण्यासाठी काढलेली होती, हे वाचकाने विसरू नये. ज्याला वाटा पोचत नव्हता त्याचे नाव तीत येण्याचे कारण नव्हते. म्हणून मुली गळाल्या, निपुत्रिक गळाले, घर सोडून परमुलखात गेलेला धाकटा भाऊ गळाला. आणि ज्या कुळांना मुळी वतनच नव्हते, ती तर या दफ्तरात ओझरतीच भेटतात; कोठे तेलाच्या पट्टीच्या हिशेबात, कोठे वेठीच्या यादीत.

अशा बिनवतनी कुळांचा इतिहास लिहिता येतो की नाही, हा या ग्रंथापुढील प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी निवडलेला समाज कोकणातील बेने इस्राएलांचा आहे. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे १९८१ पासून ज्याला आपण रायगड म्हणतो त्या जिल्ह्यात, अलिबाग, रेवदंडा, चौल, मुरूड, पेण, पनवेल या टापूत हा यहुदी समाज शतकानुशतके राहिला, घाण्यावर तेल गाळून पोट भरू लागला, शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून शेजाऱ्यांनी त्यास शनवार तेली हे नाव दिले, आणि मराठी ही त्याची घरातली, बाजारातली आणि पुढे ग्रंथांतलीही भाषा झाली. किहीमचा तो किहीमकर, दिव्याचा तो दिवेकर, पेणचा तो पेणकर, राजपुरीचा तो राजपूरकर, अशी गावावरून पडलेली त्यांची आडनावे शंभरावर भरतात; आणि बापजाद्यांची नावेही कोकणच्या हवेने अशी बदलली, की सॅम्युएलचा सामाजी, एझिकेलचा हसाजी आणि आयझॅकचा इसाजी झाला. या समाजापाशी वतनाचे दफ्तर नाही. जिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांकडे काजीपणाचा मान परंपरेने चालत आला, तो वगळता बहुतेकांची नोंद ठेवण्याचे प्रयोजन कोणत्याही सरकारास पडले नव्हते. त्यांच्यापाशी आहेत ती दफनभूमीतील थडगी, लग्नाची करारपत्रे आणि पलटणीचे कागद.

या तिन्ही साधनांकडे वळण्यापूर्वी मुलखाची राजकीय विभागणी ध्यानात घ्यावी लागते, कारण पुष्कळ नवशिके संशोधक येथेच वाट चुकतात. दहा-वीस कोसांच्या या किनाऱ्यावर एकाच काळी तीन-तीन सत्ता नांदत होत्या. चौल-रेवदंडा १७४० पर्यंत पोर्तुगीजांचे होते. अलिबाग आंग्र्यांचे होते आणि १८४० मध्ये ते संस्थान खालसा झाल्यावर इंग्रजांकडे आले. मुरूड आणि राजपुरी सिद्दीच्या जंजिरा संस्थानात होती, आणि ते संस्थान तर १९४८ पर्यंत टिकले. सबब एकाच आजोबांचा थोरला भाऊ इंग्रजी अमलातील कागदांत, मधला आंग्र्यांच्या मोडी दफ्तरात आणि धाकटा हबसाणातील, म्हणजे सिद्दीच्या मुलखातील, गावात सापडावा, यात नवल काही नाही. मौजे, तर्फ आणि परगणा ज्याने प्रथम निश्चित केला नाही, त्याने पुढे कितीही रुमाल उलगडले तरी त्याच्या पदरी काही पडण्याचा संभव थोडा.

आता थडग्यांविषयी. कोकणातील बेने इस्राएल दफनभूमी गावाच्या कडेला, बहुधा माडांच्या किंवा रानझुडपांच्या आडोशाला असते. तिच्यातील जुन्या थडग्यांवर अक्षर नसते. नुसता काळ्या दगडांचा ओटा, पावसाने खचलेला. एकोणिसाव्या शतकात अक्षरे येऊ लागली आणि ती येण्याचीही कारणे आहेत. कोचीनहून आलेल्या यहुदी गुरूंनी धर्मविधी शिकविले, अमेरिकन आणि स्कॉच मिशनऱ्यांच्या शाळांतून मुले वाचू-लिहू लागली, आणि १८३२ मध्ये जॉन विल्सनने हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. त्यानंतरच्या शिळांवर हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी दिसतात, आणि पुढे इंग्रजीही येते.

अशा शिळेवरील मृत्यूचे वर्ष वाचणे हे एक स्वतंत्र काम आहे. हिब्रूत अंकांचे काम अक्षरेच करतात. समजा, शिळेवर ताव, रेश, लामेद आणि वाव ही चार अक्षरे आहेत. ताव म्हणजे चारशे, रेश म्हणजे दोनशे, लामेद म्हणजे तीस आणि वाव म्हणजे सहा. बेरीज सहाशे छत्तीस. हजारांचा आकडा पाच हा लिहिण्याची बहुधा चाल नाही, तो वाचकाने मनाने धरावयाचा. म्हणजे वर्ष झाले ५६३६, सृष्टीच्या उत्पत्तीपासून मोजलेले. हे वर्ष ३० सप्टेंबर १८७५ रोजी सुरू झाले. म्हणून महिना किसलेव असेल तर मृत्यू १८७५ च्या अखेरीचा, आणि महिना निसान असेल तर तो १८७६ च्या वसंतातला. त्याच मनुष्याचा मृत्यू एखाद्या मराठी कागदात शके १७९७ म्हणून येईल किंवा १७९८ म्हणून, आणि महसुली कागदात मृगापासून चालू होणारे फसली साल असेल. शिवाय यहुदी दिवस सूर्यास्तापासून धरतात. तेव्हा रात्री आठ वाजता वारलेल्याची तारीख शिळेवर एक आणि सरकारी नोंदीत दुसरी असली, तर दोन्ही खऱ्या मानाव्या लागतात. ज्याला ही चार कालगणनांची सांगड घालता येत नाही, तो बाप आणि मुलगा यांच्या मृत्यूची अदलाबदल करण्याचा धोका पत्करतो, आणि छापील कुलवृत्तांतांत अशा अदलाबदली काही थोड्या नाहीत.

शिळेचा आणखी एक गुण असा, की ती एकटी नसते. तिच्या डाव्या-उजव्या हातास कोण निजले आहे, हे अक्षरांइतकेच बोलके असते. नवऱ्याशेजारी बायको, सासूशेजारी सून, बाळंतपणात गेलेल्या मुलीजवळ तिचे तान्हे मूल, हा क्रम कोणत्याही दफ्तरात उतरलेला नाही. म्हणून दफनभूमीचा नकाशा आधी काढावा आणि लेख मागाहून उतरावेत, असा माझा आग्रह आहे. लेख उतरताना दगड तारेच्या ब्रशाने घासू नये, त्यावर तेल किंवा चुना फासू नये. सकाळी किंवा सायंकाळी तिरपे ऊन पडते तेव्हा पुसट अक्षरेही उठून दिसतात, त्या वेळी छायाचित्र घ्यावे आणि अशुद्ध वाटले तरी अक्षर न् अक्षर तसेच लिहून घ्यावे. पाथरवटाने चुकून कोरलेले नावदेखील पुरावा असते. पाथरवट बहुधा हिब्रू जाणणारा नसे, त्याला कोणी तरी कागदावर काढून दिलेले तो हुबेहूब उतरवी, आणि त्या उतरवण्यात दोन सारखी दिसणारी अक्षरे बदलली, की दहा-वीस वर्षांचा फरक सहज पडतो.

लग्नपत्र हे दुसरे साधन. त्याला केतुबा म्हणतात. यहुदी विवाहात वराने वधूला लिहून दिलेला हा करार, त्याची भाषा अरामी, आणि मजकूर शतकानुशतकांचा ठरलेला. वार, महिना, सृष्टीपासूनचे साल, गावाचे नाव, अमक्याचा मुलगा अमका, अमक्याची मुलगी अमकी, आणि तळाशी साक्षीदारांच्या सह्या. वधू कुमारिका असेल तर तिच्यासाठी दोनशे झूझ आणि विधवा असेल तर शंभर, अशी प्राचीन रक्कम त्यात असते. व्यवहारात ते नाणे कधीचेच नाहीसे झाले असले, तरी इतिहासकाराला या एका आकड्यावरून वधूचे हे पहिले लग्न की दुसरे, हे समजते. पहिल्या नवऱ्याची मुले दुसऱ्या घरी वाढली, त्यांना सावत्र बापाचे आडनाव लागले, आणि दोन पिढ्यांनी सगळ्यांना विसर पडला, अशा कित्येक गाठी शंभर झूझांचा तो एक शब्द सोडवू शकतो. साक्षीदारांची नावेही सोडू नयेत. साक्षीला गावातले प्रतिष्ठित लोक बोलावीत, आणि ती नावे लागोपाठच्या लग्नपत्रांतून फिरून फिरून आली, म्हणजे त्या गावचा त्या काळचा समाज डोळ्यांपुढे उभा राहतो.

परंतु केतुब्यात वधूच्या आईचे नाव नसते. या उणिवेचे महत्त्व किती, हे या समाजाला १९६२ मध्ये फार कटु रीतीने कळले. इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर बेने इस्राएल मोठ्या संख्येने तिकडे गेले होते. तेथील मुख्य धर्मपीठाने त्या वर्षी विवाह नोंदणी करणाऱ्यांना सूचना दिली, की बेने इस्राएल व्यक्तीचा विवाह इतर यहुद्याशी लावताना तिची आई, आजी आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची आईकडील परंपरा तपासावी. हजारो मैलांवरच्या कोकणातल्या एखाद्या खेड्यात मरण पावलेल्या पणजीची आई कोण होती, हे दिमोना किंवा लोद येथे राहणाऱ्या मुलीने लग्नाच्या परवानगीसाठी सिद्ध करावयाचे होते. लोक रस्त्यावर आले, त्यांनी उपोषणे केली, आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदीच आहेत असे घोषित केल्यावर तो निर्बंध मागे घेण्यात आला. एका संपूर्ण समाजावर अविश्वासाचे ओझे टाकणारी ती मागणी अन्यायाची होती, असे माझे स्पष्ट मत आहे. पण तिने एक गोष्ट दाखवून दिली. आईकडील साखळी चढावयाची तर प्रत्येक पायरीला त्या त्या स्त्रीचे स्वतःचे लग्नपत्र हवे. मुलीच्या पत्रातून तिचा बाप कळतो, बापाच्या पत्रातून तिची आई आणि आईचा बाप कळतो, आणि मग त्या आईच्या आईसाठी त्या आजोबांचे पत्र शोधावे लागते. ही पत्रे दफ्तरखान्यात नव्हती. ती सासरी आलेल्या स्त्रियांच्या पेट्यांत, लुगड्यांच्या घड्यांत होती. पुरुषांची वंशावळ सरकारने सांभाळली. स्त्रियांची, झाली तेवढी, स्त्रियांनीच सांभाळली.

पलटणीचे कागद हे तिसरे साधन, आणि या समाजाच्या बाबतीत ते विशेष समृद्ध आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बेने इस्राएल तरुण घाणा सोडून कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत शिरले आणि आपल्या अल्प संख्येच्या मानाने कितीतरी अधिक जण सुभेदार, सुभेदार मेजर झाले. सामाजी हसाजी दिवेकर हे त्यांतील अग्रगण्य नाव. म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धात ते टिपूच्या कैदेत पडले, सुटून आले, आणि १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत मांडवी भागात समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर, शाआर हाराहामीम, बांधले. कैदेतून सुटकेची जी हकीकत परंपरेने सांगितली जाते ती परंपरा म्हणूनच द्यावी. प्रार्थनामंदिराचे साल मात्र निश्चित आहे, आणि त्यापूर्वी मंदिरच नसल्यामुळे मंदिराचे दफ्तरही असणे शक्य नाही, ही मर्यादा त्यातून निघते.

फौजेत भरती होणाऱ्याचे वर्णन लिहून ठेवीत: नाव, बापाचे नाव, गाव, परगणा, जात, वय, उंची, अंगावरील खूण. पुढे यालाच शीटरोल म्हणू लागले आणि फौजी घराण्यांत आजही हा शब्द तोंडी आहे. दोन अडचणी मात्र येथे नेहमी आडव्या येतात. पहिली नावाची. आडनावाच्या जागी पलटणीच्या कारकुनाने पुष्कळदा नुसते 'इस्राएल' लिहिले. तेव्हा हसाजी इस्राएल म्हणून सापडलेला इसम किहीमकर की पेणकर, हे गावाच्या रकान्यावरूनच ठरवावे लागते. दुसरी पलटणीच्या नंबराची. १८९५ मध्ये तिन्ही इलाख्यांच्या फौजा एक झाल्या, १९०३ मध्ये मुंबईच्या पलटणींच्या नंबरात शंभर मिळविले गेले, आणि १९२२ मध्ये पुन्हा नवी मांडणी झाली. घरात 'आजोबा तीन नंबर पलटणीत होते' असे सांगतात. तीच पलटण १९०३ नंतर १०३ झाली आणि १९२२ नंतर पाचव्या मराठा पायदळाची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण. हा प्रवास ज्याला ठाऊक नाही, तो एकाच पलटणीतील एकाच मनुष्याची तीन माणसे करून बसतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बढतीचे नियम बदलले, जातवार कंपन्या भरू लागल्या आणि ज्यांची स्वतःची कंपनी भरण्याइतकी संख्या नाही अशा लहान समाजांना फौजेचा दरवाजा हळूहळू बंद झाला. बेने इस्राएल तेव्हा रेल्वेत, टपालात, कचेऱ्यांत शिरले. महारांचीही भरती त्याच सुमारास थांबली. सुभेदार रामजी सकपाळ यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबवडे, आणि त्यांचे पुत्र भीमराव १८९१ मध्ये जन्मले ते महूच्या छावणीत. फौजी घराण्याचा शोध गावात सुरू करून गावातच संपविता येत नाही, याचे याहून ठळक उदाहरण देता येणार नाही. कोरेगावच्या १८१८ च्या लढाईच्या स्तंभावर जी नावे कोरली आहेत, त्यांतील कित्येकांच्या शेवटी 'नाक' आहे, आणि त्या दोन अक्षरांवरून ते शिपाई महार होते हे कळते. त्यांच्या गावांचा आणि मुलाबाळांचा पत्ता मात्र स्तंभ देत नाही.

दगड नाव सांगतो आणि गाव लपवितो. पहिल्या महायुद्धानंतर आपल्या खेड्यांत बसविलेल्या संगमरवरी पाट्यांनी नेमके उलटे केले. साताऱ्याकडील आणि कोकणातील कित्येक गावांच्या चावडीवर किंवा देवळाच्या भिंतीत ती पाटी आजही दिसते: या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले, त्यांतील इतके कामास आले. गाव आहे, आकडा आहे, नाव एकही नाही. बसऱ्याच्या स्मारकावरही हिंदी शिपायांच्या बाबतीत असाच प्रकार झाला. अधिकाऱ्यांची नावे फलकावर आली आणि शिपायांचे पलटणवार आकडे. कूतच्या वेढ्यात १०३ आणि ११० या मराठा पलटणींचे जे लोक अडकले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण जाऊन तुर्कांच्या कैदेत गेले, त्यांपैकी परत न आलेल्यांचे थडगे नाही, भस्मही नाही. त्यांच्या नावांसाठी स्मारकाच्या नोंदवह्या आणि पलटणीचे रेकॉर्ड यांकडेच जावे लागते. खेड्यातील पाटीवरचा आकडा हातात घेऊन त्यामागची नावे एकेक करून भरून काढणे हे एखाद्या गावच्या शाळामास्तराने मनावर घेतले तर वर्षभरात होण्यासारखे काम आहे, आणि ते व्हावे अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

या तीन साधनांचे बळ त्यांच्या परस्परभिन्न हेतूंत आहे. शिळा पुत्राने पित्याच्या स्मरणार्थ उभारलेली, म्हणून तीत पदव्या फुगतात आणि वय वाढते. लग्नपत्र धर्मशास्त्राने घालून दिलेल्या चौकटीत लिहिलेले, म्हणून त्यात वार आणि नाते अचूक, पण मनुष्याच्या धंद्याविषयी अक्षर नाही. पलटणीचा कागद मुशाहिरा आणि पेन्शन यांसाठी. भरती होताना वय कमी किंवा अधिक सांगण्यास कारण होते, पण वारसाचे नाव खोटे सांगण्यास नव्हते. तेव्हा वय शीटरोलवरून घेऊ नये, वारस घ्यावा. तारीख लग्नपत्रावरून घ्यावी. आणि कोण कोणाजवळ निजले हे शिळेवरून. ज्या बाबतीत निरनिराळ्या हेतूंनी लिहिलेले दोन कागद एकच गोष्ट सांगतात, ती गोष्ट निःशंक धरावी.

हीच कसोटी मूळ पुरुषाच्या बाबतीतही लावली पाहिजे. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि त्यांच्यापासून सर्व समाज वाढला, ही कथा प्रत्येक बेने इस्राएल घरात सांगितली जाते. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी ती आपल्या समाजाच्या इतिहासात आदराने नमूद केली. तो इतिहास १८९७ मध्ये लिहून झाला आणि चाळीस वर्षांनी, १९३७ मध्ये, तेल अवीव येथे छापला गेला. नवगावची ती भूमी या समाजाला तीर्थासारखी आहे आणि तसा मान तिला मिळावा. तथापि वंशावळीच्या कागदावर जेथे शेवटचा दस्तऐवज संपतो, तेथेच रेघ थांबवावी. पाच पिढ्यांची पक्की वंशावळ ही पन्नास पिढ्यांच्या कल्पित वंशावळीहून घराण्याला अधिक भूषणावह आहे.

हिंदू वाचकाने हा ग्रंथ परका समजू नये. आपल्याकडे थडगे नाही, पण त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या पिढ्या आहेत; गाव नमुना नंबर चौदामध्ये जन्म आणि मृत्यू आहेत, शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाचे गाव आणि जात आहे, आणि जातीच्या दाखल्यासाठी ज्यांनी ही रजिस्टरे चाळली आहेत, त्यांना या शोधाची रीत अर्धी अवगतच आहे. वसई आणि साष्टीच्या ख्रिस्ती कुटुंबांना बाप्तिस्म्याच्या आणि लग्नांच्या वह्यांचा आधार आहे, कारण विवाहांची नोंद ठेवण्याचा दंडक ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्येच घातला.

बेने इस्राएलांच्या बाबतीत मात्र वेळ थोडा उरला आहे. घराणी इस्राएलला गेली. काही त्यापूर्वीच कराचीला गेली होती आणि तेथील १८९३ चे प्रार्थनामंदिर १९८८ मध्ये पाडले गेले. अलिबागचे मागेन अबोथ आणि रेवदंड्याचे बेथ एल उभे आहेत. पण ज्या खेड्यांत आता एकही यहुदी घर नाही, तेथील दफनभूमीकडे पाहणारे कोणी नाही. म्हणून प्रत्येक गावच्या दफनभूमीचा नकाशा आधी, तेथील लेखांच्या नकला त्यानंतर, मग इस्राएलमधील मराठी कुटुंबांकडून केतुब्यांची छायाचित्रे आणि सर्वांत शेवटी फौजेची रेकॉर्डे, हा कामाचा क्रम आम्ही धरला आहे. कारण फौजेची रेकॉर्डे छपराखाली आहेत, आणि शिळा दर पावसाळ्यात थोड्या थोड्या झिजत आहेत.